मीटर म्हणतो ३९, हिशोब म्हणतो ५२९: बल्बचा रेझिस्टन्स नक्की किती?

सुटे भाग

मंडळी, हिशोब शाळेतला आहे, पण अडलाय खरा.

तारेचा जुना बल्ब आहे. वर छापलंय २३० व्होल्ट, १०० वॅट. पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, म्हणून करंट १०० ÷ २३० = ०.४३५ अँपियर. रेझिस्टन्स म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, म्हणून २३० ÷ ०.४३५ = साधारण ५२९ ओहम. इथवर ठीक. मग बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटर लावला, तर ३९ ओहम! तसलाच दुसरा बल्ब घेतला, तोही चाळिशीच्या आसपासच.

मीटर बिघडलाय म्हणावं तर २००० वॅटच्या हीटरची कॉइलही मोजली. हिशोबाने २६.४५ ओहम यायला हवे, मीटरने २५ आणि २६ च्या मध्ये दाखवले. म्हणजे मीटर शहाणा आहे.

आता ३९ खरे धरून व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स केलं, तर ५२९०० ÷ ३९ = १३५६ वॅट येतात. हीटरला चालणारं सूत्र बल्बला का चालत नाही? की पॉवरच्या तीन सूत्रांपैकी बल्बसाठी एखादं वेगळं वापरायचं असतं?

शॉर्ट सर्किट

१३५६ वॅटचा बल्ब सापडलाय आणि तुम्ही तक्रार करताय? जपून ठेवा. उन्हाळ्यात मात्र लावू नका.

भिंगरी

सुटे भाग, मीटर खरा, सूत्रंही खरी. तुम्ही एकाच बल्बच्या दोन वेगळ्या अवस्था मोजल्यात.

मीटर ओहम मोजताना अगदी थोडा करंट सोडतो, मिलिअँपियर किंवा त्याहूनही कमी. तेवढ्याने तार कोमटसुद्धा होत नाही. म्हणजे ३९ हा थंड तारेचा रेझिस्टन्स. ५२९ हा पेटलेल्या तारेचा. पेटल्यावर टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. टंगस्टनचा रेझिस्टन्स दर अंशाला मूळच्या साधारण ०.००४५ पट वाढतो. २५०० अंशांची वाढ धरा: ०.००४५ × २५०० = ११.२५, त्यात मूळचा १ मिळवला की सव्वाबारा पट. तुमचं गुणोत्तर ५२९ ÷ ३९, म्हणजे साडेतेराच्या जवळ. इतक्या तापमानाला वाढ सरळ रेषेत राहत नाही, थोडी जास्तच होते, त्यामुळे वरचा फरक अपेक्षितच आहे.

हीटरची कॉइल असते निक्रोमची. तिचा रेझिस्टन्स लालभडक झाल्यावरही काही टक्केच वाढतो. म्हणून तिथे थंडाचा आकडा आणि हिशोबाचा आकडा जवळजवळ जुळला.

वेगळं सूत्र वगैरे काही नाही. तिन्ही एकच आहेत. फक्त पी = व्ही × आय मध्ये रेझिस्टन्स येतच नाही, म्हणून ते फसवत नाही. व्ही² ÷ आर आणि आय² × आर मध्ये आर घालताना तो त्या क्षणाचा आहे का, हे बघावं लागतं. बटण दाबल्यावरच्या पहिल्या काही मिलिसेकंदांपुरते तुमचे १३५६ वॅटसुद्धा खरेच आहेत.

वाचनमात्र

म्हणजे बल्ब नेहमी बटण दाबतानाच का जायचे, ते आज कळलं. चालू असताना क्वचितच गेलेला बघितलाय.

भिंगरी

@वाचनमात्र, तेच. २३० ÷ ३९ म्हणजे जवळपास ६ अँपियर. आणि घरातला व्होल्टेज एसी, म्हणजे लहरीसारखा वरखाली होणारा, २३० ही त्याची सरासरीसारखी किंमत; बटण नेमकं लहरीच्या शिखरावर दाबलं गेलं तर तिथे व्होल्टेज ३२५ असतो, म्हणजे ८ अँपियरच्या वर. नेहमीचा करंट अर्ध्या अँपियरच्याही आत. वापरून वापरून तार एखाद्या ठिकाणी झिजलेली असते, तिथला रेझिस्टन्स जास्त, तिथेच उष्णता जास्त. तो भाग बाकीच्या तारेच्या आधी तापतो आणि तुटतो.

तिरकी चाल

म्हणजे बल्ब ओहमचा नियम पाळत नाही. मग आर = व्ही ÷ आय लावता कशाला? नियम एकीकडे मोडायचा आणि त्याच नियमाने रेझिस्टन्स काढायचा, ही कुठली रीत?

पाढेपाठ

@तिरकी चाल, दोन गोष्टींची गल्लत होतेय. आर = व्ही ÷ आय ही व्याख्या आहे. ती कशालाही लावता येते: बल्ब, डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग), ओली माती. त्या क्षणाचा व्होल्टेज घ्या, करंट घ्या, भागा, एक आकडा मिळतो. ओहमने सांगितलं ते याच्या पुढचं: तापमान स्थिर असेल तर धातूच्या तारेसाठी हा आकडा व्होल्टेज बदलला तरी बदलत नाही. बल्बमध्ये तापमानच स्थिर नाही, तर नियम लावायचा कुठे?

स्वतः ओहमलाही तापमानानेच तारलं. १८२५ मध्ये तो व्होल्टाच्या बॅटरीवर प्रयोग करत होता. तिचा दाब सारखा घसरायचा, त्यामुळे निघालेलं सूत्रही वेडंवाकडं होतं. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सांगण्यावरून त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल (दोन जोडांच्या तापमानांतल्या फरकावर व्होल्टेज देणारी दोन धातूंची जोडी) घेतलं, एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. दोन्ही तापमानं हलत नाहीत, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. १८२६ मध्ये त्यावर मोजमापं झाली, १८२७ मध्ये पुस्तक आलं. जर्मनीत कुणी फारसं विचारलं नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं तेव्हा कुठे नाव झालं.

अवांतर: त्याच्या कितीतरी आधी, १७८१ च्या सुमारास, हेन्री कॅव्हेंडिश याच निष्कर्षापाशी पोहोचला होता. त्याच्याकडे करंट मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून तो स्वतःलाच झटका देऊन किती जोरात बसला यावरून अंदाज बांधायचा. छापलं मात्र नाही. मॅक्सवेलने त्याची टिपणं १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला कळलं.

शॉर्ट सर्किट

स्वतःच मीटर, स्वतःच फ्यूज. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

तिरकी चाल

व्याख्या आणि नियम वेगळे, हे मान्य. पण मग शाळेत सगळं पाण्याच्या पाइपवर का खपवतात? प्रेशर म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट. खऱ्या पाइपात प्रेशर दुप्पट केलं तर पाणी दुप्पट येत नाही. प्रवाह खळाळता झाला की ते दीडपटीच्या आतबाहेर राहतं.

भिंगरी

खरंय, आणि त्या हिशोबाने पाइप बल्बसारखाच वागतो. पण ते उदाहरण मी वर्गात पहिल्या तासानंतर सोडून देते. पुढे मुलं ‘वायर कापली की करंट खाली सांडेल का’ असं विचारायला लागतात.

सांजसावली

मला परीक्षेच्या दृष्टीने विचारायचंय. एका सूत्रात आर वर आहे, दुसऱ्यात खाली. मग रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते की घटते? मी दोन्ही उत्तरं सिद्ध करू शकते, आणि तीच अडचण आहे.

पाढेपाठ

दोन्ही बरोबर. काय बांधलेलं आहे ते बघायचं. घरातल्या सॉकेटला व्होल्टेज बांधलेला आहे, तिथे रेझिस्टन्स वाढला की करंट घटतो आणि पॉवरही घटते. दोन वस्तू एकामागोमाग, सिरीजमध्ये जोडल्या की दोघींतून करंट एकच जातो, तिथे ज्याचा रेझिस्टन्स जास्त, त्याच्या वाट्याला पॉवर जास्त.

४० वॅटचा आणि १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावून २३० व्होल्ट द्या. छापील आकड्यांवरून रेझिस्टन्स १३२२.५ आणि ५२९, बेरीज १८५१.५, करंट ०.१२४ अँपियर. पॉवर: ४० वाल्यात २०.४ वॅट, १०० वाल्यात ८.२ वॅट. लहान बल्ब जास्त उजळ.

सुटे भाग

@पाढेपाठ, पण वरच्या चर्चेप्रमाणे ५२९ तर पूर्ण पेटल्यावरचा आकडा. ८ वॅटवर तो तेवढा तापणारच नाही. मग?

पाढेपाठ

पकडलंत. दोघांचाही रेझिस्टन्स छापील हिशोबापेक्षा कमी भरणार, पण १०० वाल्याचा जास्तच कोसळणार. त्यामुळे व्होल्टेजचा आणखी मोठा वाटा ४० वाल्याकडे जातो. प्रत्यक्षात १०० वाला जेमतेम तांबूस होतो, कधी तोही दिसत नाही. परीक्षेत मात्र २०.४ आणि ८.२ च लिहा, सांजसावली.

निवृत्त वाइंडर

धागा उशिरा वाचला. आमचा जन्म मोटारी बांधण्यात गेला, त्यामुळे सूत्रांपेक्षा जळलेल्या वाइंडिंगचा वास आधी ओळखतो.

सिरीज बोर्ड आम्ही रोज वापरायचो. दुरुस्तीला आलेली वस्तू थेट लाइनवर लावायची नाही, मध्ये १०० किंवा २०० चा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा. वस्तू आतून शॉर्ट असेल तर सगळा व्होल्टेज बल्बवर येतो, बल्ब लख्ख पेटतो, फ्यूज उडत नाही. वस्तू ठीक असेल तर बल्ब मंद राहतो. त्याची गंमत अशी, की थंड बल्बचा रेझिस्टन्स कमी, म्हणून चांगल्या वस्तूला तो फारसा आडवा येत नाही. करंट वाढला की स्वतःच तापून आडवा येतो. सुटे भाग यांना जो घोळ वाटला, त्यावरच आमचं पोट चाललं.

दुसरं, मोटारीला हा भागाकार लावू नका. एक एचपीची सिंगल फेज मोटर घ्या, रनिंग वाइंडिंग समजा ३ ओहम भरलं. २३० ÷ ३ म्हणजे ७७ अँपियर. चालताना घेते सहा-सात. कारण फिरणारी मोटर आतून उलटा व्होल्टेज तयार करते, आणि एसीला कॉइलचा आडकाठीपणा वेगळा असतो, तो ओहमच्या रेंजवर दिसत नाही. पण गरम किती होते ते मात्र याच ३ ओहमवरून निघतं. ६ अँपियरला ६ × ६ × ३ = १०८ वॅट उष्णता. बेअरिंग जाम झालं आणि ३० अँपियर ओढायला लागली तर ३० × ३० × ३ = २७०० वॅट. करंट पाचपट, उष्णता पंचवीसपट. म्हणून जादा करंटला लाइन तोडणारा ओव्हरलोड वेळेत ट्रिप झाला पाहिजे.

वाचनमात्र

काका, वाइंडिंग आतून किती तापलंय हे बाहेरून कसं कळतं? हात लावून तर फक्त बॉडी कळते.

निवृत्त वाइंडर

रेझिस्टन्सवरूनच. तांब्याचं गणित ठरलेलं आहे. थंड असताना रेझिस्टन्स आणि खोलीचं तापमान लिहून ठेवायचं. मोटर चालवून बंद केली की लगेच पुन्हा मोजायचं. तापमानात २३४.५ मिळवायचे, रेझिस्टन्स त्या बेरजेच्या प्रमाणात वाढतो. ३० अंशांना ३.०० ओहम होता, चालवल्यावर ३.६० झाला. २६४.५ × १.२ = ३१७.४, त्यातून २३४.५ वजा, राहिले ८३ अंश. हे सरासरी तापमान झालं, आतला सगळ्यात तापलेला भाग याच्याही वर असतो. आणि मोटर पूर्ण थांबून लाइन सुटल्याशिवाय ओहमची रेंज लावायची नाही. चालू वस्तूवर ओहम मोजणारे मीटरही गमावतात आणि कधी बोटंही.

भिंगरी

वाइंडरकाका, हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवणार. बल्बमध्ये जी अडचण वाटली, तिचाच इथे थर्मामीटर झाला.

कोरडा सेल

माझाही एक प्रश्न याच धाग्यात घुसवतो. एलईडी बल्ब, वर ९ वॅट छापलंय. क्लॅम्प मीटरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावतात तो) करंट मोजला, ०.०७ अँपियर. २३० × ०.०७ = १६ वॅट. कंपनी फसवतेय की माझी वीज जास्त जातेय?

शॉर्ट सर्किट

आधी सांगा, क्लॅम्प एकाच वायरभोवती होता ना? दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा एकमेकांना खाऊन शून्य दिसतो. मग तर वीज फुकटच!

कोरडा सेल

एकाच वायरभोवती. तेवढी अक्कल आहे :)

भिंगरी

@कोरडा सेल, दोन्हीपैकी काही नाही. एसीमध्ये व्होल्टेज गुणिले करंट केलं की मिळतात ते व्होल्ट-अँपियर. वॅट मिळायला पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. हीटर किंवा तारेच्या बल्बला तो १ असतो, म्हणून तिथे कुणाला त्याची आठवण येत नाही. स्वस्त एलईडीच्या आत एसीचं डीसी करणारा डायोडचा पूल आणि कपॅसिटर असतो. तो लहरीच्या शिखराजवळच थोडा वेळ करंट ओढतो, बाकी वेळ गप्प. अशा बल्बचा पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ सहज असतो. तुमचा ९ ÷ १६ = ०.५६, अगदी त्यात बसतो. घरगुती मीटर वॅटच मोजतो, त्यामुळे वापर ९ वॅटचाच धरला जातो. आणि मीटर ‘ट्रू आरएमएस’ नसेल, म्हणजे वेड्यावाकड्या लहरीचीही ती सरासरीसारखी किंमत (आरएमएस) नीट काढणारा नसेल, तर अशा टोकदार करंटला ०.०७ हा आकडाही पक्का मानू नका.

तिरकी चाल

थोडक्यात, व्ही × आय सुद्धा फसवतं. तुम्हीच वर म्हणालात फसवत नाही.

भिंगरी

डीसीला, आणि एसीच्याही प्रत्येक क्षणाला, नाही फसवत. क्षणाक्षणाचे गुणाकार करून सरासरी काढा, बरोबर ९ येतील. आधी दोन्हींची आरएमएस काढून मग गुणलंत तर १६. तुम्ही सोडणार नाही हे माहीत होतं, म्हणून आधीच लिहायला हवं होतं.

गप्पिष्ट

घरातल्या कामाचा प्रश्न. हीटर लावला की एक्स्टेन्शनचा प्लग गरम लागतो. हीटर २००० वॅट, वायर १६ अँपियरची, करंट ८.७ च. मग तापतोय का?

निवृत्त वाइंडर

मोजून बघा. हीटर बंद असताना एक्स्टेन्शनच्या टोकाला व्होल्टेज किती, हीटर चालू केल्यावर किती. मीटरचा एसी व्होल्टचा रेंज, प्रोब चांगले, बोटं मागे.

गप्पिष्ट

बंद असताना २३१, चालू असताना २२२.

निवृत्त वाइंडर

९ व्होल्ट वाटेत गळाले. आता इथे बरेच जण चुकतात, २२२ ला ८.७ ने भागतात. तो हीटरचा रेझिस्टन्स झाला. वाटेचा काढायचा तर वाटेत पडलेलाच व्होल्टेज घ्यायचा. ९ ÷ ८.७, म्हणजे जवळपास १ ओहम. आणि ९ × ८.७ = ७८ वॅट वाटेतच उष्णता होतात. हे ७८ वॅट भिंतीतल्या आणि बाहेरच्या लांबलचक वायरीत पसरले असतील तर चिंता नाही. पण त्यातले वीस-पंचवीस जरी प्लगच्या एका ढिल्या पिनेवर पडत असतील, तर प्लास्टिक मऊ होणारच. हाताला गरम लागतोय म्हणजे तिथेच पडतायत. पिन तापली की तिची पकड सैल होते, तांब्या-पितळेवर काळा थर चढतो, रेझिस्टन्स वाढतो, आणखी तापते. आज वापर बंद करा, सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला.

पाढेपाठ

+१. आणि हा १ ओहम मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर शोधायला जाऊ नका. साध्या मीटरच्या वायरींचाच ०.२ ते ०.५ ओहम असतो, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले की दिसतो. शिवाय ढिली पिन मिलिअँपियरला शहाण्यासारखी वागते. लहान रेझिस्टन्स करंट सोडून, व्होल्टेज वेगळ्या वायरींनी मोजूनच काढायचा. प्रयोगशाळेत याच पद्धतीला केल्व्हिनची चार वायरींची पद्धत म्हणतात.

गप्पिष्ट

बंद केला. प्लग उघडला तर एक पिन तपकिरी झालीय. धन्यवाद काका.

सुटे भाग

मूळ प्रश्नावर थोडं काम केलं. २३० वर चालू बल्ब मोजायची हिंमत नव्हती, म्हणून गाडीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब आणि कमीजास्त करता येणारा डीसी सप्लाय घेतला.

१२ व्होल्टला १.७५ अँपियर: ६.८६ ओहम, २१ वॅट.
६ व्होल्टला १.२० अँपियर: ५ ओहम, ७.२ वॅट.
३ व्होल्टला ०.८२ अँपियर: ३.६६ ओहम, २.४६ वॅट.

व्होल्टेज निम्मा केला तर पॉवर चौथाई, म्हणजे ५.२५ वॅट व्हायला हवी होती, पण ७.२ आली. थंड पडल्यामुळे तो आपणहून जास्त करंट ओढतोय. आलेख काढला तर रेषा वर जाता जाता वाकते.

भिंगरी

छान आकडे आहेत. ६ ते १२ मधला उतार काढून बघा: ६ व्होल्टच्या वाढीला करंट फक्त ०.५५ ने वाढला, म्हणजे जवळपास ११ ओहम. तो ५ किंवा ६.८६ यापैकी कशाशीच जुळत नाही, कारण तो बदलाला होणारा विरोध आहे. पॉवर काढायला तो वापरायचा नाही. एलईडी, डायोड शिकताना उपयोगी पडेल.

सांजसावली

एक शेवटचा. जुन्या प्रश्नपत्रिकेत आहे: हीटरची कॉइल तुटली, १० टक्के तुकडा टाकून देऊन उरलेली जोडली. पॉवर वाढेल की घटेल? माझं उत्तर: २६.४५ चे २३.८ ओहम झाले, व्होल्टेज तोच, म्हणून ५२९०० ÷ २३.८ = २२२२ वॅट. वाढेल.

पाढेपाठ

बरोबर. करंट ८.७ वरून ९.६६.

निवृत्त वाइंडर

पेपरात एवढं पुरे. पण पॉवर ११ टक्के वाढली आणि तारेची लांबी १० टक्के घटली, म्हणजे दर सेंटिमीटरवरचा भार २३ टक्क्यांनी वाढला. जोडलेली कॉइल काही दिवस आधीपेक्षा लाल दिसते, मग दुसरीकडे तुटते, आणि गिऱ्हाईक म्हणतं दुरुस्ती नीट केली नाही. कॉइल नवीनच टाका.